दर साल दर शेकडा : व्याजाचा दर कोण ठरवतो?

सातवी-आठवीच्या गणितात सरळव्याजाचे सूत्र येते. मुद्दल, दर आणि मुदत यांचा गुणाकार करायचा, शंभराने भागायचे, झाले व्याज. उदाहरणात मुद्दल दिलेले असते, मुदत दिलेली असते आणि 'द.सा.द.शे.' म्हणजे दर साल दर शेकडा किती, तेही दिलेले असते. मुद्दल कुठून आले हे मुलांना समजते. ते कोणीतरी साठवलेले असते. मुदतही समजते. पण तो 'द' कुठून येतो? एखाद्या उदाहरणात ८ आणि दुसऱ्यात १२ का? वर्गात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारला तर सूत्र उपयोगी पडत नाही. त्यासाठी इतिहासात शिरावे लागते, आणि सुदैवाने त्या इतिहासाचा फार मोठा भाग आपल्याच मुलखात घडलेला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते भिक्षुसंघाला दान दिले, आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायम ठेवही दिली. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा शिलालेख म्हणजे आजच्या भाषेत मुदत ठेवीची पावतीच आहे. त्यात म्हटले आहे की ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली आहे. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. २००० कार्षापण एका श्रेणीकडे शेकडा एक दराने, आणि १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. ही रक्कम परत करायची नाही, फक्त तिचे व्याज उपभोगायचे. (लेखातला शब्द 'पायून' असा आहे. आपला 'पाऊण' किती जुना आहे हे त्यावरून कळते.)

शेकडा एक, पण किती काळाला? लेखात याचे उत्तर सरळ दिलेले नाही, मात्र ते काढता येते. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रांसाठी १२ कार्षापण द्यावेत असे पुढे सांगितले आहे. म्हणजे २४० कार्षापण. २००० वर २४० व्याज वर्षाला मिळायचे असेल तर दर साल दर शेकडा १२, अर्थात दरमहा शेकडा एक. हिशेब तंतोतंत जुळतो. हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. गणित आणि पुरातत्त्व इतक्या सहजपणे हातात हात घालतात अशी स्थळे थोडी आहेत.

हा दर श्रेणींनी मनाला येईल तसा घेतला असेल असे वाटत नाही. त्या काळच्या शास्त्रग्रंथांत व्याजाविषयी ठाम कल्पना होत्या. मनुस्मृतीत सांगितलेला दर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, वर्षाला १५ टक्के. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शेकडा सव्वा हाच धर्म्य दर आहे, पण पुढची यादी अधिक बोलकी आहे : व्यापाऱ्यांकडून दरमहा ५, अरण्यातून माल नेणाऱ्यांकडून १० आणि समुद्रावर जाणाऱ्यांकडून २०. जहाज बुडाले तर व्याजही गेले आणि मुद्दलही गेले, म्हणून जी जहाजे परत येतात त्यांच्याकडून बुडालेल्यांची भरपाई काढायची. दरात जोखमीचा हिस्सा असतो हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा जुना मजकूर दुसरा क्वचितच असेल. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही शंभराला महिन्याकाठी पाच व्याज असेल तर सोळांचे वर्षाचे व्याज किती, असे उदाहरण आहे. उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. म्हणजे दरमहा पाच हा दर उदाहरणात घालण्याइतका परिचयाचा होता. वर्णानुसार वेगळे दर सांगणारे नियमही स्मृतींत आहेत आणि त्यांत ज्याची पत समाजाने कमी मानली त्याला सर्वांत महाग कर्ज असा उलटा न्याय आहे. जोखमीच्या नावाखाली दुसरेच काही दरात शिरते, याचा तो जुना दाखला.

या शास्त्रांतला एक नियम मात्र थेट एकोणिसाव्या-विसाव्या शतकापर्यंत टिकला, तो म्हणजे दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असता कामा नये, असा त्याचा अर्थ. शंभर दिले असतील तर कितीही वर्षे उलटली तरी एकावेळी दोनशेपेक्षा जास्त मागता येणार नाहीत. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही ऋणको हिंदू असल्यास हा नियम मानला. व्याजाची कमाल मर्यादा घालणारे सरकारी कायदे १८५५ साली रद्द झाले, तरी दामदुप्पट राहिली.

असे असूनही १८७५ साल उजाडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडून हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले. जिथे ते मिळाले नाहीत तिथे दुकाने आणि घरे लुटली गेली. रोखे मिळाले की त्यांची होळी. पाठोपाठ पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच झाले. 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग एका परिच्छेदात येतो. आम्हाला त्यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी वाटते की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. हे कागदांवरचे आकडे इतके मोठे कसे झाले होते?

पार्श्वभूमी बहुतेक शिक्षकांना माहीत असते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी कर्जे सढळ हाताने दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्याच सुमारास नव्या जमाबंदीत अनेक गावांचा सारा दीडपट-दुप्पट झाला आणि उसनवारीचे सगळे दोर एकदम आवळले गेले. पण आकडा फुगण्याचे यंत्र वेगळेच होते, आणि ते एका चांगल्या हेतूच्या कायद्यातून निघाले.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवले की नोंदणी न केलेल्या साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. जुने देणे पिढ्यान्‌पिढ्या साठत राहू नये, हा उद्देश. सावकाराने त्यावर साधा उपाय काढला. दर तीन वर्षांनी जुना रोखा मोडायचा आणि थकलेल्या व्याजासह सगळी रक्कम मुद्दल म्हणून लिहून नवा रोखा करायचा. आता हिशेब करून पाहू. समजा, १०० रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले. या दराने व्याज मुद्दलाएवढे व्हायला ५० महिने लागतात, म्हणजे दामदुप्पटीची मर्यादा पन्नासाव्या महिन्यात आड आली असती. पण रोखा छत्तिसाव्या महिन्यातच बदलला जातो! तेव्हा व्याज असते ७२ रुपये. नव्या रोख्यात मुद्दल १७२. सहा वर्षांनी २९५ रुपये १३ आणे, नऊ वर्षांनी ५०८ च्या वर, बारा वर्षांनी ८७५, पंधरा वर्षांनी १५०५ आणि अठरा वर्षांनी २५८९. एकाही रोख्यात व्याज मुद्दलापेक्षा जास्त नाही. धर्मशास्त्राचा नियम मोडला नाही, सरकारचा कायदा मोडला नाही, आणि शंभराचे अडीच हजार झाले. हे आम्ही मांडलेले उदाहरण असले तरी वास्तवापासून दूर नाही. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे प्रकरण आलेले होते.

आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावे, मुद्दल आणि व्याज वेगळे करावे, वाजवी दर लावावा. आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. कायदा निश्चितच चांगला होता. पण दर खाली दाबला की पैसे देणाऱ्याला दुसरी वाट शोधावीशी वाटते. बऱ्याच ठिकाणी सावकारांनी कर्जाचा रोखा करणेच सोडले आणि जमिनीचे सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. पैसे परत केलेस की जमीन परत देईन, हे नुसते तोंडी. व्याजाचा दर कागदावरून नाहीसा झाला, व्याज मात्र नाहीसे झाले नाही. आमच्या मते व्याजाच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा महत्त्वाचा धडा सापडणार नाही : जिथे कर्ज मिळण्याची दुसरी जागा नाही, तिथे कायद्यातला दर हा कायद्यापुरताच राहतो.

दुसरी जागा उभी करण्याचा प्रयत्न १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्याने सुरू झाला. आपल्यापैकी अनेकजण ज्या शिक्षकांच्या पतपेढीचे सभासद आहेत, तिचे कूळ तिथपर्यंत जाते. परंतु वेग फारच मंद होता. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या ग्रामीण पतपाहणीत आढळले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांनी दिलेले ३.१ टक्के, सरकारने दिलेले ३.३ टक्के आणि व्यापारी बँकांनी दिलेले एक टक्क्यापेक्षाही कमी होते. सुमारे ७० टक्के सावकारांचेच.

हा आकडा ध्यानात ठेवून आपण गावातून मुंबईत येऊ, कारण 'द' ठरवण्याचे नवे ठिकाण तोवर तिथे उभे राहिले होते. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय आधी कलकत्त्यात होते, १९३७ मध्ये ते मुंबईस आले. रिझर्व्ह बँक ही बँकांची बँक. बँकांना गरज पडली तर ती ज्या दराने पैसे पुरवते तो 'बँक दर'. १९३५ च्या नोव्हेंबरात तो ३ टक्के ठरला आणि तब्बल सोळा वर्षे, नोव्हेंबर १९५१ पर्यंत, तसाच राहिला.

ही सोळा वर्षे शांततेची नव्हती. त्यांत दुसरे महायुद्ध आले. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी नोटांचा पुरवठा भरमसाट वाढला आणि युद्धाच्या वर्षांत घाऊक भाव दुपटीहून अधिक चढले. दर मात्र तीनच टक्के, कारण सर्वांत मोठा ऋणको सरकार स्वतः होते आणि त्याला स्वस्त पैसा हवा होता. १९३९ मध्ये ज्याने १०० रुपये तीन टक्क्यांनी ठेवले, त्याच्या पुस्तकात पाच वर्षांनी ११६ रुपये होते. पण १९३९ मध्ये शंभराला मिळणारा माल घ्यायला आता दोनशेपेक्षा अधिक लागत. पासबुकात सोळा रुपये वाढले आणि प्रत्यक्षात ठेवीचे मोल निम्म्याच्या आसपास आले. सुप्याच्या शेतकऱ्याला आपला तोटा दिसत तरी होता, कारण तो रोख्यावर लिहिलेला असे. ठेवीदाराचा हा तोटा कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून त्याची होळी करायला कोणी जमत नाही.

इथे आपल्याला दोन दर वेगळे करावे लागतात. पासबुकातला तो नाममात्र दर. त्यातून महागाईचा दर वजा केला की जवळपास खरा दर मिळतो. भौतिकशास्त्रात किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल सांगतात, तसा पैशाचा दुप्पटकाल सांगता येतो. ७२ ला दराने भागले की चक्रवाढीने दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण मिळतात : ९ टक्क्यांना ८ वर्षे, ६ टक्क्यांना १२. पण भावांचाही दुप्पटकाल असतो, आणि ठेवीदाराने दोन्ही शेजारी ठेवून पाहायला हवेत.

किसान विकास पत्राचेच पाहा. १९८८ च्या एप्रिलमध्ये पोस्टात ही पत्रे आली तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट असे त्यांचे आश्वासन होते. हा दर वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या किंचित खाली पडतो. आजही अनेकांना तो सुवर्णकाळ वाटतो. पण त्याच साडेपाच वर्षांत किरकोळ भावांचा निर्देशांकही दीडपटीहून बराच अधिक वाढला, आणि १९९१-९२ या एका वर्षात तर घाऊक भाव १३ टक्क्यांहून अधिक चढले. त्या वर्षापुरते पाहिले तर पत्राचा खरा दर जवळजवळ शून्य होता. पुढे हा दुप्पटकाल लांबत गेला : १९९९ मध्ये सहा वर्षे, २००३ मध्ये ८ वर्षे ७ महिने. मध्यंतरी बंद पडलेली योजना २०१४ मध्ये परत आली तेव्हा तो १०० महिने होता. उषवदाताच्या दरमहा शेकडा एक दराने सरळव्याजाने दुप्पट व्हायलाही बरोबर १०० महिनेच लागतात, हा अर्थात योगायोग. एप्रिल २०२३ मध्ये तो ११५ महिन्यांवर गेला.

निवृत्त शिक्षकांच्या घरी यावरून नेहमी ऐकू येणारी तक्रार अशी : पूर्वी बारा टक्के मिळत, आठ टक्क्यांत घर कसे चालवायचे? ही तक्रार आम्ही हलक्याने घेत नाही, पण तिच्यामागचे गणित तपासण्यासारखे आहे. समजा, दहा लाखांची पुंजी आहे, व्याज १२ टक्के आणि महागाई १० टक्के. वर्षाला १,२०,००० रुपये हाती येतात. परंतु पुढच्या वर्षी त्या पुंजीचे मोल टिकवायचे तर तिच्यात एक लाख रुपये परत घातले पाहिजेत. निर्धास्तपणे खर्च करण्याजोगे उरले फक्त वीस हजार. आता व्याज ८ टक्के आणि महागाई ४ टक्के समजा. हाती ८०,०००, त्यातले ४०,००० पुंजीत परत, खर्चाला ४०,०००. दुसरी परिस्थिती पहिलीपेक्षा चांगली आहे, तरी ती माणसाला गरिबीची वाटते, कारण प्रत्यक्षात कोणीच व्याज परत पुंजीत घालत नाही. पहिल्या प्रकारात तो एक लाख वीस हजार खर्च करतो आणि नकळत मुद्दल खात असतो. दहा-बारा वर्षांनी औषधपाण्याचा खर्च वाढतो तेव्हा ते उघड होते. वाईट अवस्था तिसरीच : व्याजही कमी आणि महागाई मात्र चढी. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६.२ टक्के होती आणि मोठ्या बँका वर्षभराच्या ठेवीवर पाच टक्क्यांच्या आसपास देत होत्या. नाशिकच्या विणकरांनी भिक्षूंना असे व्याज दिले असते तर चीवरांची लांबी दरवर्षी थोडी थोडी कमी झाली असती.

परत दर ठरवणाऱ्यांकडे वळू. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत कोणत्या ठेवीवर किती, कोणत्या कर्जाला किती, याची लांबलचक कोष्टकेच वरून येत. शेती, लघुउद्योग, निर्यात, प्रत्येकाला वेगळा दर. यातून शाखा खेड्यापाड्यांत पोचल्या आणि सावकाराला पर्याय मिळाला, हे त्या काळाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९१ च्या सुमारास बँकेत आलेल्या १०० रुपयांच्या ठेवीपैकी १५ रुपये रिझर्व्ह बँकेत रोख राखीव म्हणून ठेवावे लागत, आणि ३८ रुपये ५० पैसे प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवणे कायद्याने बंधनकारक होते. उरलेल्या ४६-४७ रुपयांवर बँकेने सगळे कमवायचे. साहजिकच त्या उरलेल्या पैशांचे कर्ज महाग होई. याखेरीज सरकार रिझर्व्ह बँकेला अल्पमुदतीची हुंडी देऊन थेट पैसे उचलू शकत असे, आणि १९७४ पासून त्यावरचा दर ४.६ टक्के असा गोठवलेला होता. बाजारात पैसा बारा टक्क्यांच्या वर आणि सरकारला साडेचार! यातला फरक कोणीतरी सोसतोच, आणि तो सोसणाऱ्यांत ठेवीदारही होता.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटात बँक दर १२ टक्क्यांवर नेला गेला, आणि नंतर हळूहळू कोष्टके सुटत गेली. १९९७ च्या एप्रिलपासून ती थेट उचल बंद झाली. त्याच वर्षी मुदत ठेवींचे दर ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. बचत खात्याचा दर सर्वांत शेवटी, ऑक्टोबर २०११ मध्ये मुक्त झाला.

मग आता दर कसा ठरतो? जून २००० पासून रिझर्व्ह बँकेने रोज पैसे देण्या-घेण्याची एक व्यवस्था सुरू केली. दिवसाअखेर एखाद्या बँकेला रोकड कमी पडली, तर ती आपल्याकडचे सरकारी रोखे तारण ठेवून अल्पकाळासाठी रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेते. त्याचा दर म्हणजे रेपो. उलट पैसे जास्त झाले तर ते रिझर्व्ह बँकेकडे ठेवता येतात, थोड्या कमी दराने. या दोन दरांच्या मधल्या पट्ट्यातच बँका एकमेकींना पैसे देतात, कारण रिझर्व्ह बँकेकडे स्वस्तात मिळत असताना शेजारच्या बँकेला जास्त कोण देईल? अशा रीतीने एका रात्रीच्या पैशाचा भाव ठरतो, आणि त्यावरून महिन्याचा, वर्षाचा, वीस वर्षांच्या गृहकर्जाचा. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणे बँकांना बंधनकारक झाले, त्यामुळे हप्त्यांवर परिणाम लवकर दिसू लागला.

अर्थव्यवस्थेवरचा परिणाम मात्र सावकाश होतो. बंबात लाकूड सरकवले की पाणी लगेच तापत नाही, आणि तापायला लागल्यावर लाकूड बाहेर ओढले तरी ते लगेच थंड होत नाही. दर वाढला की कारखानदार नवी यंत्रे घेणे पुढे ढकलतो, कुटुंब घर घेणे पुढे ढकलते, मागणी ओसरते, भाव चढायचे थांबतात. या सगळ्याला कित्येक महिने लागतात. म्हणून दर ठरवणाऱ्याला आजच्या महागाईकडे पाहून भागत नाही, पुढच्या वर्षीच्या महागाईचा अंदाज घ्यावा लागतो.

पोस्टातल्या अल्पबचतीचे दर यांत बसत नाहीत. ते केंद्र सरकार जाहीर करते, एप्रिल २०१६ पासून दर तिमाहीला. सरकारी रोख्यांवरच्या परताव्याशी ते जोडावेत असे सूत्र आहे, पण सूत्र नेहमी पाळले जातेच असे नाही. ३१ मार्च २०२१ रोजी हे दर बरेच कमी केल्याचा आदेश निघाला. त्यात भविष्य निर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेचा दर ७.१ वरून ६.४ टक्क्यांवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला गेला. या 'द' मध्ये किती गणित आणि किती लोकमत, याचा अंदाज त्या एका रात्रीवरून बांधता येतो.

रेपोचा दर २०१६ पासून एकट्या गव्हर्नरांच्या हाती राहिलेला नाही. कायद्यात दुरुस्ती होऊन सहाजणांची पतधोरण समिती आली : तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे बाहेरचे. बहुमताने निर्णय, समसमान मते पडली तर गव्हर्नरांचे आणखी एक मत. किरकोळ महागाई ४ टक्क्यांवर ठेवायची, दोन टक्के इकडे-तिकडे चालेल, असे लक्ष्य आखून दिलेले आहे. कोणी काय मत दिले आणि का, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. वरिष्ठ विद्यार्थ्यांना ही टिपणे वाचायला द्यायला हरकत नाही. एकच आकडेवारी समोर ठेवून सहा जाणती माणसे वेगवेगळ्या निष्कर्षांना कशी येतात हे त्यांत दिसते.

जून आणि ऑगस्ट २०२४ च्या बैठका यासाठी विशेष वाचनीय आहेत. रेपो तेव्हा ६.५ टक्के होता आणि वर्षभरातल्या महागाईचा अंदाज ४.५ टक्के, म्हणजे खरा दर दोन टक्के. चौघांना तो योग्य वाटला. बाहेरच्या सदस्यांपैकी आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांनी मात्र पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले. वादाचे मूळ एका जुन्या कल्पनेत आहे. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ क्नुट विक्सेल यांनी १८९८ मध्ये मांडले की ज्याने भाव चढतही नाहीत आणि पडतही नाहीत असा एक 'नैसर्गिक' दर असतो. प्रत्यक्षातला दर त्याच्या वर गेला तर मंदी, खाली गेला तर भाववाढ. अडचण एवढीच की हा दर कोणत्याही मापकावर वाचता येत नाही. तो इतर आकड्यांवरून अनुमानाने काढावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्याच संशोधकांनी जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतासाठी तो १.४ ते १.९ टक्के असल्याचा अंदाज दिला होता. या अंदाजाची रुंदी अर्धा टक्का आहे, आणि समितीचे नेहमीचे पाऊल पाव टक्क्याचे. प्रयोगशाळेत ज्या उपकरणाची अनिश्चितता मोजायच्या राशीच्या दुप्पट आहे त्याच्यावर आम्ही निष्कर्ष काढत नाही; समितीला मात्र दर दोन महिन्यांनी काढावाच लागतो. दोन्ही वेळा ४ विरुद्ध २ मतांनी दर तसाच राहिला, आणि पाव टक्क्याची ती कपात अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली.